गुंतलीय की गेलीय?

घरात काळा, डायलचा फोन होता त्या काळी पलीकडची हालहवाल माणसाला नुसत्या कानाने कळायची. तुटक तुटक टूं-टूं आला की ‘एंगेज लागतोय’. घंटा वाजत राहिली आणि कुणी उचललं नाही की ‘घरी नाहीत वाटतं’. रिसीव्हर कानाला लावला आणि काहीच ऐकू आलं नाही की ‘फोन डेड आहे’. बोलणं तिन्ही वेळा व्हायचं नाही, पण पुढे काय करायचं ते तिन्ही वेळा वेगळं असायचं. एंगेज असेल तर पाच मिनिटांनी पुन्हा फिरवायचा. कुणी उचलत नसेल तर संध्याकाळी बघायचं आणि तोवर मनात पाल चुकचुकू द्यायची. डेड असेल तर शेजाऱ्यांकडे जाऊन 198 वर तक्रार नोंदवायची. एंगेज फोनची तक्रार करणारा वेडा ठरायचा आणि डेड फोनची डायल दिवसभर फिरवत बसणारा त्याहून वेडा.

त्या फोनवर बहुधा ‘आय.टी.आय.’ अशी अक्षरं असत. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा 1948 साली बेंगळुरूत सुरू झालेला सरकारी कारखाना. त्याच्याभोवतीच्या वस्तीचं नावच दूरवाणीनगर. शहरातून के. आर. पुरमकडे जाताना ती आजही लागते. तिथून मेट्रोने व्हाइटफील्डच्या दिशेला निघालं की काही स्थानकांच्या अंतरात नेटॲपसारख्या, डेटा साठवण्याची यंत्रं आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांची आवारं सुरू होतात. याच धंद्यात माझीही बरीच वर्षं गेली. एका पट्ट्यात टेलिफोनचा कारखाना आणि पुढच्या पट्ट्यात स्टोरेजची दुकानदारी हा योगायोग असेल, पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: पलीकडचा गुंतलाय, उचलत नाहीये, की गेलाय? आणि त्यावरून, आपण किती थांबायचं?

डिस्क एवढी कशात गुंतते?

फिरत्या डिस्कचं समजायला सोपं आहे. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा 8.33 मिलिसेकंदांत होतो. हवी ती जागा आत्ताच हेडखालून सरकून गेली असेल, तर ती फिरून येईपर्यंत थांबणं आलं. वीज वाचवायला डिस्क झोपवली असेल तर तिला पुन्हा वेग घ्यायला सहज दहाएक सेकंद लागतात. मोठ्या कपाटात शेकडो डिस्क असतील तर त्या मुद्दाम एकेक करून जाग्या करतात, कारण सगळ्यांनी एकदम उठायचं म्हटलं तर वीजपुरवठ्यावर ताण येतो. तेवढा वेळ एखादी डिस्क उत्तर देऊ शकली नाही, म्हणून ती बिघडलेली नसते.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून ती कायम मोकळी असेल असं वाटतं. पण तिची एक अडचण आहे: लिहिलेल्यावर थेट दुसरं लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं, आणि पुसायचं तर एक मोठा ठोकळा अख्खा पुसावा लागतो. वाचायला मायक्रोसेकंद पुरतात, पण पुसायला मिलिसेकंद लागतात. त्या ठोकळ्यात कामाची माहिती असेल तर ती आधी दुसरीकडे हलवायची. दिवाळीआधी खोली रंगवताना सामान शेजारच्या खोलीत नेऊन ठेवावं, तसं. ही आवराआवर एसएसडी आपल्या सोयीने करते आणि त्याच वेळी तुमचं वाचायचं काम आलं तर ते ताटकळतं.

शिवाय रांग आहेच. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ॲग्नर एर्लांग यांनी 1909 पासून रांगांचं गणित मांडायला सुरुवात केली. एक्स्चेंजमध्ये किती लाइन ठेवल्या म्हणजे लोकांना फार एंगेज लागणार नाही, हा त्यांचा प्रश्न. त्या गणिताचा एक साधा निष्कर्ष प्रत्येक स्टोरेजवाल्याने भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. कामं कधीही, आपल्या मर्जीने येत असतील आणि यंत्र निम्मा वेळ कामात असेल, तर नव्या कामाला रांगेत सरासरी एका कामाइतकं थांबावं लागतं. यंत्र 90 टक्के वेळ कामात असेल तर नऊ कामांइतकं. 99 टक्के असेल तर 99 कामांइतकं. म्हणजे यंत्र पुरेपूर वापरून घ्यायच्या हौसेत शेवटचे काही टक्के फार महाग पडतात. यंत्र तेच, वेगही तोच, फक्त ते ‘मेल्यासारखं’ वाटायला लागतं.

‘थांबा’ म्हणायच्या तऱ्हा

चांगलं यंत्र आपली अवस्था सांगतं. 1986 साली प्रमाणित झालेल्या ‘स्कझी’ या भाषेत संगणक डिस्कला हुकूम देतो आणि डिस्क एका बाइटचं उत्तर देते. सगळं ठीक असेल तर शून्य. बाकीची उत्तरं वाचण्यासारखी आहेत.

08 म्हणजे ‘बिझी’: आत्ता नाही, थोड्या वेळाने ये. 28 म्हणजे ‘टास्क सेट फुल’: मी काम करतेय, पण माझी रांग भरली, आता नवं घेत नाही. वरवर दोन्ही सारखीच वाटतात, पण समजूतदार सॉफ्टवेअर दोन्हींचा अर्थ वेगळा घेतं. 28 आलं की लिनक्सचा ड्रायव्हर नुसता थांबत नाही. त्या डिस्ककडे एका वेळी किती कामं पाठवायची याची मर्यादाही तो कमी करतो आणि काही काळ सुरळीत गेला की ती हळूहळू वाढवत नेतो. पाहुणे जास्त झाले म्हणून यजमानाने डोळ्याने खुणावावं आणि शहाण्या पाहुण्याने पंगत दोन वेळा बसवायला सुचवावं, तसं हे आहे.

18 हे तिसरं उत्तर: ‘रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट’. ही डिस्क दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे. इथे थांबून, पुन्हा विचारून उपयोग नाही. आपली नसलेली वस्तू दहा वेळा मागितली तरी ती आपली होत नाही. आणि 02 म्हणजे ‘सविस्तर विचार’. विचारल्यावर डिस्क कारण सांगते, आणि त्या कारणांत एक फार गोड आहे: ‘तयार होण्याच्या मार्गावर आहे’. बाथरूमच्या दारामागून ‘आलेच’ असा आवाज यावा तसं.

नेटवर्कवरून फाइल देणाऱ्या एनएफएस या पद्धतीत तर या अवस्थेला चक्क ‘ज्यूकबॉक्स’ असं नाव होतं. 1995 साली तिची तिसरी आवृत्ती आली तेव्हा जुन्या फाइल प्रकाशीय तबकड्यांवर किंवा टेपवर ठेवायची रीत होती. मागितलेली तबकडी यंत्राच्या हाताने कपाटातून काढायची आणि वाचकात घालायची, इराण्याच्या हॉटेलातल्या गाण्याच्या पेटीसारखं. तबकडी बसेपर्यंत सर्व्हर 10008 हा आकडा कळवायचा: फाइल आहे, पण आत्ता हातात नाही, पुन्हा विचार. लिनक्सचा ग्राहक, म्हणजे फाइल मागणारं सॉफ्टवेअर, तिसऱ्या आवृत्तीत पाच सेकंद थांबून पुन्हा विचारतो. चौथ्या आवृत्तीत नाव बदलून ‘डिले’ झालं, आकडा मात्र तोच राहिला. तबकड्यांची कपाटं गेली, ‘जरा थांबा’ म्हणायची गरज गेली नाही.

काखेत कळसा

आता थोडं वर येऊ, सामान्य वापरणाऱ्याला भेटणाऱ्या ‘बिझी’कडे. पेन ड्राइव्ह काढायला गेलं की विंडोज सांगतं, ‘हे उपकरण वापरात आहे’. लिनक्सवर त्याच जागी उत्तर येतं: ‘टार्गेट इज बिझी’. हे उत्तर अर्ध्या शतकाचं आहे. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत 16 नंबरची चूक ‘माउंट डिव्हाइस बिझी’ अशी आहे, आणि आजही लिनक्समध्ये तिचा नंबर 16 च आहे. युनिक्सचा जन्म बेल लॅब्जमध्ये, म्हणजे टेलिफोन कंपनीच्याच प्रयोगशाळेत झाला, हे इथे आठवायला हरकत नाही.

ही चूक आली की नवखा माणूस डिस्कवर संशय घेतो. जुना माणूस आधी स्वतःवर घेतो. बहुतेकदा आपणच दुसऱ्या खिडकीत त्या डिस्कवरच्या एखाद्या फोल्डरमध्ये जाऊन बसलेलो असतो, आणि इकडे विचारत असतो की डिस्क का सुटत नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा. ‘एलएसओएफ’ किंवा ‘फ्यूझर’ असा हुकूम दिला की कोणी पकडून ठेवलंय त्याचा नंबर मिळतो, आणि तो नंबर आपलाच निघतो.

पण या चुकीचा एक प्रकार जास्त लबाड आहे. विचारावं तर ‘बिझी’, आणि कोण वापरतंय म्हणून शोधावं तर कुणीच नाही.

माझ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एका कंपनीत रात्रभर चालणाऱ्या चाचणीची स्क्रिप्ट मी लिहिली होती. नवा व्हॉल्यूम, म्हणजे साठवणुकीचा एक कप्पा, तयार करायचा, त्यावर फाइल सिस्टिम घालायची, लिहायचं, वाचायचं, आणि व्हॉल्यूम काढून टाकायचा. माझ्या संथ मशीनवर ती शंभरदा चालली. नव्या, वेगवान मशीनवर विसातून एकदा अडकायला लागली: काढून टाकताना ‘बिझी’. मी तपासायला जाईपर्यंत सगळं मोकळं. शेवटी मी काढून टाकायच्या ओळीच्या आधी पाच सेकंद झोपायची ओळ घातली आणि ‘दुरुस्त केलं’ म्हणून कळवलं. धारवाडकडचे एक ज्येष्ठ सहकारी होते, मराठी आणि कानडी दोन्ही सारख्याच सहजतेने बोलणारे. त्यांनी स्क्रिप्ट पाहिली आणि विचारलं, “अरे, पाचच का? चार का नाहीत? आणि कुणासाठी थांबलास ते तरी माहीत आहे का तुला?”

माहीत नव्हतं. कारण नंतर कळलं. लिनक्समध्ये ‘यूडेव्ह’ नावाचा एक कारभारी असतो. कुठल्याही डिस्कवर कुणी लिहून ती बंद केली की हा लगेच ती उघडून डोकावतो: आत आता कुठली फाइल सिस्टिम आहे, नाव काय, ओळखक्रमांक काय. हे काम सेकंदाच्या छोट्याशा हिश्शात होतं. संथ मशीनवर माझा पुढचा हुकूम पोचेपर्यंत तो डोकावून निघून गेलेला असे. वेगवान मशीनवर मी आणि तो दारातच एकमेकांना धडकत होतो. ही टक्कर इतकी नेहमीची आहे की लिनक्सच्या एलव्हीएम या व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्यासाठी खास एक बटण आहे. व्हॉल्यूम बंद करताना ‘बिझी’ आलं तर लगेच हार मानू नये, काही सेकंद पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा, कारण यूडेव्हच्या कुठल्याशा नियमाने ते क्षणभर उघडलं असेल, असं त्याच्या मांडणीच्या फाइलीतच लिहून ठेवलंय.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर बघायची तर कुबरनेटिसकडे बघावं. हजारो प्रोग्राम एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवत राहणारं हे व्यवस्थापन. प्रोग्राम हलला की त्याची डिस्कही मागोमाग जायला हवी, आणि तिथेच जुनं मशीन ‘अजून सोडली नाही’ म्हणतं. बेंगळुरूत क्लाउडबाइट कंपनीत सुरू झालेला आणि पुढे मायाडेटा या कंपनीत वाढलेला ओपनईबीएस हा प्रकल्प याच जगासाठी आहे. कुबरनेटिससाठी साठवणूक पुरवणारा हा प्रकल्प 2019 साली मुक्त सॉफ्टवेअरच्या सीएनसीएफ या संस्थेत दाखल झाला. अशी प्रणाली सांभाळणाऱ्याला रात्री तीन वाजता लॉगमध्ये ओळींची एक उतरंड दिसते. डिस्क सुटली नाही, पुढचा प्रयत्न 500 मिलिसेकंदांनी. मग 1 सेकंदाने. मग 2, 4, 8, 16, 32 सेकंदांनी. मग 1 मिनिट 4 सेकंदांनी. आणि शेवटी 2 मिनिटं 2 सेकंदांवर येऊन ती उतरंड थांबते. त्यापुढे दर वेळी तेवढंच थांबायचं.

दर वेळी दुप्पट का? त्याचं उत्तर पुन्हा टेलिफोनजवळच सापडतं.

सगळ्यांनी एकदम रीडायल केलं तर

निकालाच्या दिवशी किंवा दिवाळीच्या सकाळी फोन लागायचा नाही. लागत नाही म्हणून प्रत्येक जण रिसीव्हर आपटून लगेच पुन्हा फिरवायचा. त्या फिरवण्यानेच एक्स्चेंज आणखी गुंतायचं, आणि आणखी लोकांना एंगेज लागायचं. गर्दीचं कारण मूळ बोलणी कमी आणि पुन्हा पुन्हा फिरवणं जास्त.

सॉफ्टवेअर हे माणसापेक्षा निष्ठुरपणे करतं, कारण त्याचं बोट दुखत नाही. ‘बिझी’ आलं की लगेच पुन्हा विचारणारा प्रोग्राम सेकंदाला लाखभर वेळा विचारू शकतो. यावरचा उपाय इथरनेटने रूढ केला. एकाच तारेवर दोन संगणक एकदम बोलले तर दोघांनी गप्प व्हायचं, चिठ्ठी टाकल्यासारखा एक आकडा निवडायचा आणि तेवढा वेळ थांबायचं. पुन्हा टक्कर झाली तर चिठ्ठ्यांचा डबा दुप्पट मोठा. 10 मेगाबिटच्या मूळ इथरनेटमध्ये थांबण्याचं एकक 51.2 मायक्रोसेकंदांचं. दहा वेळा दुप्पट झाल्यावर डबा वाढणं थांबतं, आणि सोळा प्रयत्नांनंतर ‘जमत नाही’ असं वर कळवायचं. एवढ्याशा नियमात तीन शहाणपणं आहेत. थांबण्याचा वेळ वाढवत न्या. सगळ्यांनी सारखाच वेळ थांबू नका, नाहीतर सगळे पुन्हा एकाच क्षणी येऊन धडकतील. आणि कुठेतरी थांबणंही थांबवा.

हा नियम न पाळल्याचं फळ 1986 च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. बर्कली विद्यापीठ आणि शेजारची लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यात अंतर चारशे यार्डांचं, आणि त्यांच्यामधल्या जोडणीचा वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आला. तार शाबूत होती. निरोप उशिरा पोचत होते, म्हणून पाठवणारे ते हरवले असं समजून पुन्हा पाठवत होते, आणि त्यानेच रस्ता भरत होता. व्हॅन जेकबसन यांनी 1988 साली यावरचा उपाय मांडला. इंटरनेट आज चालतं त्यामागे ‘उत्तर उशिरा आलं तर आधी स्वतःचा वेग कमी कर’ हा त्यांचा धडा आहे.

स्टोरेजमध्ये तोच खेळ 20 सप्टेंबर 2015 रोजी झाला. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसचे साठवणुकीचे सर्व्हर ‘माझ्याकडे कुठला डेटा आहे’ ही यादी एका मध्यवर्ती सेवेकडून अधूनमधून मागून घेत. याद्या मोठ्या झाल्या होत्या. नेटवर्कच्या एका छोट्या अडथळ्यानंतर अनेक सर्व्हरनी त्या एकदम मागितल्या. उत्तर ठरलेल्या वेळेत आलं नाही. यादी नाही म्हणजे मी काम करण्याच्या लायकीचा नाही असं समजून सर्व्हर बाजूला झाले, आणि बाजूला बसून पुन्हा पुन्हा यादी मागत राहिले. मध्यवर्ती सेवा त्या मागण्यांखाली इतकी दबली की तिची क्षमता वाढवायची तर वाढवायचा हुकूमही तिच्यापर्यंत पोचेना. शेवटी अभियंत्यांना मागण्या काही काळ थांबवाव्या लागल्या, तेव्हा कुठे तिला श्वास घेता आला. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या असंख्य सेवा तोवर काही तास लंगडत होत्या. एकही डिस्क गेलेली नव्हती. सगळे फक्त गुंतलेले होते, एकमेकांना गुंतवून.

काहीच उत्तर नाही

आतापर्यंतची यंत्रं निदान ‘बिझी’ म्हणत होती. खरी कसोटी लागते ती घंटा वाजत राहते आणि कुणी उचलत नाही तेव्हा.

लिनक्स डिस्कला एक हुकूम देऊन साधारणपणे 30 सेकंद वाट बघतो. आता डिस्ककडून बघा. एक जागा नीट वाचता येत नाहीये. घरगुती संगणकासाठी बनवलेल्या डिस्कला वाटतं, मालकाकडे या माहितीची दुसरी प्रत नसेल, तर आपणच जिवापाड प्रयत्न करावा. मग ती त्या एका जागेसाठी मिनिट-दोन मिनिटं झटत राहते, आणि तेवढा वेळ बाहेरच्या कुणालाच उत्तर देत नाही. रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्कच्या जुडीत, ती बसवलेली असेल तर तिसाव्या सेकंदाला वरचं सॉफ्टवेअर म्हणतं, ही गेली. जुडीतून तिला बाहेर काढलं जातं. प्रामाणिकपणे काम करताना नोकरी गेली असा प्रकार. म्हणून जुडीसाठीच्या डिस्क वेगळ्या स्वभावाच्या बनवतात: सात सेकंद प्रयत्न करा आणि नाही जमलं तर स्पष्ट ‘वाचता येत नाही’ म्हणा, दुसरी प्रत बाजूच्या डिस्कवर आहेच. काही डिस्कना ही सवय हुकूम देऊन लावता येते. तिथे ‘70’ असा आकडा द्यावा लागतो, कारण एकक सेकंदाच्या दहाव्या भागाचं आहे. आणि ज्या डिस्कला ही सवय लागतच नाही तिच्यासाठी लिनक्सची 30 सेकंदांची वाट 180 पर्यंत वाढवायची. दोघांपैकी कुणीतरी आपलं घड्याळ दुसऱ्याशी जुळवून घेतलं की कितीतरी ‘गेलेल्या’ डिस्क जिवंत होतात.

अनेक मशीन मिळून एकच मोठी साठवण बनवायची तर हा पेच आणखी घट्ट होतो. त्याचं बेंगळुरूतलंच उदाहरण म्हणजे ग्लस्टर. आनंद बाबू पेरियासामी आणि हितेश चेलानी यांनी उभ्या केलेल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर. त्याचं बरंचसं काम बेंगळुरूत झालं, आणि 2011 च्या ऑक्टोबरमध्ये रेड हॅटने ही कंपनी सुमारे 13 कोटी 60 लाख डॉलरना घ्यायचं जाहीर केलं. साध्या सर्व्हरच्या डिस्क जोडून त्यांची एकच मोठी फाइल सिस्टिम बनवायची आणि फाइलच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवायच्या, ही कल्पना.

ग्लस्टरच्या मांडणीत एक आकडा आहे: 42. ग्राहक सर्व्हरला ‘आहेस का?’ विचारत राहतो, आणि 42 सेकंद उत्तर आलं नाही तर संबंध तोडतो. नवखा माणूस हा आकडा पाहून दचकतो. 42 सेकंद माझा प्रोग्राम अडकून पडणार? तीन प्रती आहेत ना, मग पाच सेकंदांत पुढे जायला काय हरकत आहे? काही जण तो आकडा कमी करतातही. पण त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. संबंध तुटला की त्या ग्राहकासाठी सर्व्हरने धरून ठेवलेली सगळी कुलपं आणि उघड्या फाइली सोडून दिल्या जातात. पुन्हा जोडायचं तर ते सगळं नव्याने मिळवायचं, आणि मधल्या काळात मागे पडलेली प्रत भरून काढायची. हे काम फार महाग आहे. सर्व्हर नुसता कामात असताना पाच सेकंदांत त्याला ‘गेला’ म्हटलं, तर तो परत आल्यावर या कामाने तो आणखी गुंततो, पुन्हा पाच सेकंद उत्तर देत नाही, आणि पुन्हा ‘जातो’. आजारी माणसाला पाहायला येणाऱ्यांच्या गर्दीनेच तो दगावावा तसं. 42 हा आकडा म्हणजे हे दोन तोटे तोलून कुणीतरी माणसाने केलेला निवाडा आहे. तो बदलता येतो, टाळता येत नाही.

टाळता येत नाही याची सिद्धताही झालेली आहे. मायकल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकल पॅटरसन यांनी 1985 साली दाखवून दिलं की निरोप पोचायला किती वेळ लागेल याला मर्यादा नसेल आणि एखादं जरी यंत्र बंद पडू शकत असेल, तर सगळे हमखास एकमतावर येतीलच अशी निश्चित नियमांवर चालणारी कुठलीही रीत असू शकत नाही. कारण मुळाशी साधं आहे: दुरून बघणाऱ्याला सावकाश आणि मेलेला यांत फरक दिसत नाही. आपल्याजवळ असतं ते फक्त घड्याळ.

आणि चुकीचा निवाडा भलताच महाग पडू शकतो. गेला म्हणून ज्याची जागा दुसऱ्याला दिली तो गुंतलेलाच असेल, तर थोड्या वेळाने तो भानावर येऊन जुन्या थाटात लिहायला लागतो. एकाच डिस्कवर दोन मालक. म्हणून मोठ्या प्रणालींत आधी त्याचे हात बांधतात आणि मगच वारस नेमतात. पुण्यात मोठं केंद्र होतं त्या व्हेरिटास कंपनीने बनवलेल्या क्लस्टर सॉफ्टवेअरमध्ये याला ‘फेन्सिंग’ म्हणतात. डिस्कवरच ताबा नोंदवला जातो, आणि जुना मालक लिहायला आला की डिस्क त्याला मघाचं 18 नंबरचं उत्तर देते. कुबरनेटिस तर आधीच्या मशीनने डिस्क सोडल्याचं सांगितलं नाही तर ती जबरदस्तीने काढून घेण्याआधी सहा मिनिटं थांबतो. अडकून पडलेल्याला ती सहा मिनिटं युगासारखी वाटतात. पण ती ज्या अपघातापासून वाचवतात तो अपघात निस्तरायला दिवस लागतात.

जिथे नुसतं वाचायचं आहे तिथे एक वेगळी पळवाट सापडते: थांबूच नये. जेफ डीन आणि लुइझ बरोसो यांनी 2013 च्या एका लेखात गूगलमधला अनुभव मांडला. एक मशीन शंभरातून एकदाच उशीर करत असेल, पण एका कामासाठी शंभर मशीनना विचारावं लागत असेल, तर शंभरातली 63 कामं उशिरा होतात. त्यांचा उपाय असा: 10 मिलिसेकंदांत उत्तर आलं नाही तर दुसऱ्या प्रतीलाही तेच विचारायचं आणि जे आधी येईल ते घ्यायचं. त्यांच्या चाचणीत हजारातल्या सर्वांत रखडणाऱ्या कामांचा वेळ 1800 मिलिसेकंदांवरून 74 वर आला, आणि जास्तीचे प्रश्न भरले फक्त दोन टक्के. एका घरी एंगेज लागला तर सरळ शेजारच्या घरी फोन करून निरोप द्यायचा, ही तर आपली जुनीच रीत.

किती थांबलास?

माझ्या त्या स्क्रिप्टमधली पाच सेकंद झोपायची ओळ मी नंतर काढली. तिच्या जागी दहा ओळी आल्या. ‘बिझी’ आलं तर 100 मिलिसेकंद थांब, मग दुप्पट, त्यात थोडी चिठ्ठी टाक. ‘बिझी’ सोडून दुसरी कुठली चूक आली तर थांबू नकोस, लगेच सांग. दहा सेकंदांनीही सुटलं नाही तर कुणी पकडलंय त्याची यादी छाप आणि मगच हार मान. विसातून एकदा येणारी ती अडचण पुन्हा आली नाही. आणि बहुतेक वेळा काम पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नात होत होतं. म्हणजे आधी प्रत्येक फेरीला पाच-पाच सेकंद मी फुकट घालवत होतो.

धारवाडच्या सहकाऱ्यांनी ते वाचलं आणि एवढंच म्हणाले, “आणखी एक ओळ घाल. शेवटी नुसतं ‘जमलं नाही’ म्हणू नकोस. किती थांबलास ते लिही.”

त्याचा अर्थ मला पुढे लिनक्सचे लॉग वाचताना उमगला. डिस्क ‘बिझी, बिझी’ म्हणतच राहिली, तर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, हाही कायम थांबत नाही. पाच वेळा पुन्हा प्रयत्न करायची मुभा, त्यात पहिला प्रयत्न मिळवून सहा, आणि दर वेळी 30 सेकंद, असा हिशेब करून तो शेवटी काम सोडून देतो. तेव्हा तो जी ओळ लिहून ठेवतो तिचा मतलब इतकाच असतो: हुकूम मागे घेतला, 180 सेकंद वाट पाहिली. ती ओळ वाचणाऱ्याला मग डिस्क बदलायची, तारा तपासायच्या की गर्दी कमी करायची, हे ठरवायला हाताशी काहीतरी असतं. डेड फोनची तक्रार नोंदवणाऱ्या माणसालाही 198 वरच्या कारकुनाने पहिला प्रश्न तोच विचारलेला असायचा: “कधीपासून?”